फळ्यावरचे लॅटिन

इस्लापूरसारख्या गावातील शाळेत फळ्यावर रोज तारीख लिहिली जाते. परंतु सप्टेंबर ते डिसेंबर ही नावे लॅटिन अंकांवरून आली, हे सहसा सांगितले जात नाही. सेप्टेम, ऑक्टो, नोवेम, डेकेम ही तर संस्कृत सप्त, अष्ट, नव, दश यांचीच भावंडे. सातवा महिना नवव्या स्थानी गेला, कारण रोमनांचे जुने वर्ष आपल्या चैत्राप्रमाणे मार्चच्या सुमारास सुरू होई, इ. स. पूर्व १५३ पासून त्यांचे कॉन्सल १ जानेवारीला अधिकारपद स्वीकारू लागले.

हा विषय मराठवाड्याला परका नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगरचे कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. तेथील लामतुरे संग्रहालयात रोमन संपर्काच्या खुणा आजही पाहता येतात.

लॅटिनचे स्वतंत्र वर्ग ग्रामीण शाळांना परवडणार नाहीत, हे मान्यच. परंतु एक तास आणि चार शब्द यांसाठी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. जगाच्या इतिहासात आपल्या भूमीलाही स्थान होते, ही जाणीव विद्यार्थ्याला देणे हे शिक्षकाचे कर्तव्यच होय.