पदवीधरास कामाची ओळख

मराठवाड्यातील शेतकऱ्याने मुलांच्या शिक्षणासाठी सोसलेली झीज लहान नाही. आडतीवरून सोयाबीनची पट्टी हाती येताच प्रथम वसतिगृहाचे पैसे पाठवावयाचे आणि खताची उधारी मागे ठेवावयाची, हे नांदेड-लातूरकडील अनेक घरांत घडत आले आहे. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९६१ साली लातूरला दयानंद महाविद्यालय सुरू झाले आणि १९९४ साली नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. उच्च शिक्षण दाराशी आले. तरीही पदवी घेऊन परतलेला तरुण पुढे वर्षानुवर्षे नोकरीच्या जाहिरातींची वाट पाहत बसतो, असे दृश्य गावोगावी दिसते.

यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही. दुसऱ्या कोणाचे नुकसान होऊ शकेल असे एकही काम शिक्षणकाळात त्याच्या अंगावर पडलेले नसते. परीक्षेत चुकले तर गुण जातात. वजनात किंवा हिशेबात चुकले तर शेजाऱ्याचे पैसे जातात. ही दुसरी जबाबदारी पदवीपूर्वीच त्याच्यावर पडावयास हवी.

कृषि पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी तशी सोय आहे. शेवटच्या वर्षातील एका सत्रात ग्रामीण कृषि कार्यानुभवासाठी त्यांना गावात राहावे लागते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाचे विद्यार्थीही असेच गावी येतात. गाव त्यांना कृषिदूत व कृषिकन्या म्हणून ओळखते. योजना उत्तम आहे, परंतु पुष्कळदा तिचे काय होते? फलक लावला जातो, बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते, छायाचित्र घेतले जाते आणि यजमान शेतकरी भिडेखातर दैनंदिनीवर सही करतो. अशा सहीने त्या मुलाचे अहितच होते.

त्याऐवजी शेतकऱ्याने त्याला एका एकराचा हिशेब सोपवावा. बियाणे, खत, फवारणी, मजुरी यांची नोंद त्याने रोज करावी, आणि काढणीनंतर माल बाजार समितीत जाईल तेव्हा त्यानेही काट्याशी उभे राहावे. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची रूढ मर्यादा १२ टक्के आहे. २०२४ च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करण्यात आली होती. खुल्या बाजारात ओलाव्यापोटी भाव कापला जातो, तो वाजवी की अवाजवी हे शेतकऱ्यास सहसा कळत नाही. येथे पदवीधराचे गणित उपयोगी पडते. १५ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल १२ टक्क्यांपर्यंत वाळविला, तर तो सुमारे साडेशहाण्णव किलो भरतो. म्हणजे घट साडेतीन किलोंच्या आतबाहेर. भावातील कपात याहून बरीच अधिक असेल, तर दोन दिवस ऊन दाखवून माल नेणे फायद्याचे. हा आकडा विद्यार्थ्याने वडीलधाऱ्यांपुढे मांडावा आणि त्यावरून घेतलेल्या निर्णयाचे बरेवाईट फळही डोळ्यांनी पाहावे.

कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या मुलांचे काय, असा प्रश्न येईल. त्यांची संख्या मोठी असून त्यांच्याकडे लक्ष कमी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमांत आता प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणास स्थान मिळत आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन अभियांत्रिकीबाहेरील पदवीधरांनाही त्याची दारे उघडली. २०२४ साली राज्य शासनाने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरास दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. परंतु प्रशिक्षणार्थी कार्यालयात नुसता खुर्चीवर बसून राहिला, तर विद्यावेतन मिळेल, काम येणार नाही. लातूरच्या डाळ गिरण्या, नांदेडकडील हळदीचा व्यापार, गावोगावच्या शेतकरी उत्पादक कंपन्या यांना नोंदी ठेवणारा, मालाची प्रत पारखणारा माणूस लागतोच. महाविद्यालयांनी त्यांच्याकडे जावे. ते आपण होऊन येतील ही अपेक्षा व्यर्थ होय.

“मुलाला पुन्हा मातीत घालायचे होते, तर शिकविले कशाला?” असे पालक विचारतात. त्यांच्या मनातील भीती खरी आहे, आणि अशा प्रशिक्षणाने नोकऱ्यांची संख्या वाढत नाही हेही खरे. परंतु चोख हिशेब ठेवण्याची सवय बँकेत, कारखान्यात व स्वतःच्या शेतातही सारखीच उपयोगी पडते. मुलींच्या बाबतीत मुक्कामाची सुरक्षित सोय आणि एस.टी.ची वेळ या अडचणी आधी सोडवाव्या लागतील. त्या न सोडविता मुली येत नाहीत अशी तक्रार करणे योग्य नव्हे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना आरंभ करण्यास मे महिना सोयीचा आहे. कोणत्याही शाखेचा विद्यार्थी सुट्टीत घरी असेल, तर वीस शेतकऱ्यांच्या घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण तपासण्याचे काम त्याच्याकडे द्यावे. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडून ते गुंडाळावे, सावलीत ओलसर ठेवावे आणि आठवड्याच्या आत चांगले कोंब मोजावेत. सत्तर वा अधिक निघाले तर बियाणे पेरणीयोग्य समजावे. प्रत्येक घराचा आकडा त्याने सहीनिशी लिहून द्यावा, आणि पेरणीनंतर दहाव्या दिवशी त्याच वीस शेतांवर जाऊन उगवण पुन्हा मोजावी.