यजमान कोण, पाहुणा कोण?

संबळाशेजारी गिटार ठेवली की संबळ बाटतो, असे म्हणणारी मंडळी आमच्या मराठवाड्यात पुष्कळ आहेत. नांदेडला आहेत, लातूरला तर अंमळ जास्तच. व्याख्यानमालांतून त्यांची भाषणे होतात आणि भाषण संपले की ती घरी जाऊन निजतात. त्याच रात्री शेजारच्या आळीत गोंधळ असला, तरी तिकडे फिरकत नाहीत. शुद्धतेची एवढी काळजी वाहणाऱ्याने निदान पहाटेच्या आरतीपर्यंत जागायला नको काय?

बाटण्याची ही भीती मला खोटी वाटते. पेटी परदेशातूनच आली, आणि आज तिच्यावाचून भजनी मंडळ बसत नाही. वरातीच्या बँडमधले क्लॅरिओनेट काय पैठणला घडले? मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’ या तरुण मंडळींनी तुकोबांचे अभंग गिटार आणि ड्रमच्या साथीने म्हटले. त्यावर कपाळाला आठ्या घालणारे मला भेटतात. पण अभंगाचे काय बिघडले? शेवटच्या चरणात तुकोबा स्वतःचे नाव सांगून ठाण मांडून बसलेले आहेत. त्यांना तेथून उठवणारा ड्रमवाला अजून जन्मायचा आहे.

तेव्हा रॉकवाल्यांशी माझे भांडण नाही, असे मात्र कोणी समजू नये. आहे, आणि ते निराळे आहे.

गोंधळ्यांच्या दोन शाखा, रेणुराई आणि कदमराई. रेणुराई माहूरच्या रेणुकेचे, कदमराई तुळजापूरच्या भवानीचे. म्हणजे एका शाखेचे दैवत नांदेड जिल्ह्यातच आहे आणि दुसरीचे लातूरकरांच्या शेजारी. अंगणात चौक भरतात, घट मांडतात, दिवटी पेटते. आधी गण, मग गावोगावच्या देवतांना गोंधळाला येण्याचे आवाहन, मग आख्यान, आणि पहाटे आरती. यातले आख्यान हा गोंधळाचा प्राण. नायक कथा सांगतो, साथीदार मध्येच खोचक प्रश्न विचारतो, लोक हसतात, ठेका मोडतो, पुन्हा जुळतो. कथा चढते तशी लय चढते. संबळवाल्याची नजर नायकाच्या तोंडाकडे असते, घड्याळाकडे नसते. तुणतुण्याला एकच तार. पण ती नायकाच्या गळ्याला लावलेली असते, नायकाचा गळा तिला बांधलेला नसतो.

आता स्टुडिओत काय होते ते पाहा. कानात ठोक्याचे यंत्र अडकवतात. ते पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत एकाच गतीने टिकटिक करते. पट्टी गिटारवाल्याच्या सोयीची. वेळ चार मिनिटे. आख्यानाला चार मिनिटांत जागा कोठून असणार? मग मुखडा तेवढा उचलतात, ‘उदे उदे’चा गजर घेतात आणि कथा उंबऱ्याबाहेर ठेवतात. चित्रपटाचे एक वेळ समजू शकते. ‘जोगवा’ला अजय-अतुल यांनी दिलेल्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता, तेथे गाणे चित्रपटातल्या एका प्रसंगापुरतेच असते. पण रॉकच्या मैफलीला कोणी वेळ बांधून दिलेली नसते. तेथे एकेक गिटारवाला एकट्याने दहा-दहा मिनिटे वाजवतो, आणि गोंधळ्याच्या कथेला मात्र वेळ नसतो!

आयर्लंडात हा वाद आपल्याआधी होऊन गेला आहे. १९७३ साली ‘हॉर्सलिप्स’ नावाच्या रॉक मंडळींनी तेथल्या ‘टॉइन’ या प्राचीन आख्यानावर अख्खी तबकडी काढली. एका बैलापायी दोन राज्ये लढली, त्याची ती कथा. त्यांनी मुखडा उचलला नाही, आख्यान घेतले. दुसरे उदाहरण ‘चीफटन्स’ यांचे. पॅडी मोलोनी यांनी १९६२ साली ही मंडळी जमवली. कोपराखाली भाता दाबून वाजवायची तेथली पुंगी हे त्यांचे वाद्य. १९९५ साली या मंडळींनी ‘द लाँग ब्लॅक व्हेल’ ही ध्वनिमुद्रिका काढली. तीत गायला कोण आले? रोलिंग स्टोन्स आले, स्टिंग आले, व्हॅन मॉरिसन आले. पण वेष्टनावर यजमान म्हणून नाव चीफटन्सचे. स्टिंगसारख्या जगप्रसिद्ध माणसाने त्यांच्या घरी येऊन आयरिश भाषेतले शब्द पाठ केले आणि गायला. गंमत अशी की, ज्या गाण्याचे नाव त्या ध्वनिमुद्रिकेला दिले, ते मुळात आयरिश नव्हेच. १९५९ साली अमेरिकेत रचलेले. म्हणजे शुद्धतेचा सोस तेथेही कोणी बाळगला नव्हता. घर कोणाचे, एवढे मात्र पक्के ठाऊक होते.

आयरिश नाचाच्या सुरावटी सरळ चालीच्या, त्यांच्यावर ड्रम सहज बसतो; आमचे आख्यान तसे बसत नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. म्हणूनच आमच्या रॉकवाल्यांनी जास्त मेहनत करायला हवी. ड्रमवाल्याने ते यंत्र काढून ठेवावे आणि संबळवाल्यासारखे नायकाच्या तोंडाकडे पाहून वाजवावे. ते त्याला जमत नसेल, तर अडाणी कोण ठरले?

माझ्या ओळखीचा एक संबळवाला आहे, लातूर जिल्ह्यातला. एका वाद्यवृंदाने त्याला बोलावून नेले. दिवसभर वाजवून घेतले, मजुरी आणि एसटीचे भाडे हातावर ठेवले. गाणे बाहेर पडल्यावर त्याने ते मोबाइलवर मला आणून दाखवले आणि खालची नावे वाचायला सांगितली. गिटारवाल्याचे नाव होते, ड्रमवाल्याचे होते, छायाचित्रे काढणाऱ्याचेही होते. रचनेपुढे लिहिले होते, ‘पारंपरिक’. संबळापुढे काहीच नव्हते. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “गुर्जी, पारंपरिक म्हंजे मीच का वो?”

१९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने पक्का झाला. वाजवणाऱ्या-गाणाऱ्या कलावंताचा हक्कही कायदा मानतो. पण ज्याचे नावच कागदावर नाही, त्याने तो हक्क कोणत्या कचेरीत जाऊन मागायचा? ‘पारंपरिक’ हा शब्द आदराचा म्हणून वापरतात. व्यवहारात त्याचा अर्थ ‘बिनमालकीचा’ असा होतो. बिनमालकीच्या रानात कोणाचीही जनावरे चरतात.

आणि शुद्धतावाल्यांनी येथे टाळ्या पिटू नयेत. गोंधळ्याचे नाव कोणी गाळले म्हणून त्यांच्यापैकी एकाने तरी पोस्टकार्ड टाकले आहे काय? त्यांना गिटार दिसली, गाळलेले नाव दिसले नाही.

मार्गशीर्षाच्या अखेरीस लोहा तालुक्यात माळेगावची यात्रा भरते. खंडोबाच्या दारात वाघ्याची दिमडी आणि मुरळीची घाटी रात्रभर घुमते. मुंबई-पुण्याच्या ज्या कोणा वाद्यवृंदाला लोकसंगीताचे प्रेम आले असेल, त्याने यंदा तेथे यावे. गिटारी खुशाल आणाव्यात. वाघ्याच्या मागे बसावे, त्याची पट्टी लावून घ्यावी आणि तो थांबेल तेव्हा थांबावे. मंडपाच्या फलकावर वरच्या ओळीत त्याचे नाव लिहावे, खाली आपले. बिदागीचे पाकीट त्याच्या हातात द्यावे आणि वाटणी त्याला करू द्यावी.