माजघरातली खिडकी

दिवाळीनंतर वाईच्या आमच्या वाड्याचं काम काढलं. गवंड्याने बाहेरच्या भिंतीला छिन्नी लावली, दोन ठोके घातले आणि सिमेंटच्या गिलाव्याचा परातीएवढा पापुद्रा मागच्या मातीसकट खाली आला. पाऊस जाऊन महिना उलटला होता, तरी आतली माती ओलीच. त्याने ती बोटांनी कुस्करून माझ्या हातावर ठेवली. "ताई, भिंतीला चाळीस वर्सं रेनकोट घातलाय तुमी. घाम जायाचा कुठनं?"

रेनकोट घातला होता आमच्या अण्णांनी. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण १२ जुलै १९६१ ला ते पुण्यात शिकत होते. पानशेत फुटलं, आणि पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या पेठांमधून ते चालत गेले. मातीच्या भिंती विरघळून बसलेल्या, काही ठिकाणी नुसतेच लाकडी खांब उभे. त्या दिवसानंतर मातीच्या भिंतीवरचा त्यांचा विश्वास जो उडाला तो उडालाच. पुढे हातात चार पैसे आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते वाड्याला सिमेंट चढवण्याचं. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. सिमेंटच्या वाटपावरून १९८२ साली बॅरिस्टर अंतुल्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, म्हणजे हा माल किती मोलाचा असेल बघा. अण्णांनी चकरा मारमारून पोती मिळवली आणि आपण घर वाचवलं या समाधानात ते गेले.

झालं असं की जमिनीतली ओल मातीच्या भिंतीत वर चढते आणि बाहेरच्या अंगाने वाळून जाते. वाळायची वाट सिमेंटने बंद केली की ती आणखी वर चढते. आधी कमरेपर्यंत असलेला लोणा आता डोक्याच्या वर गेला होता. आत माती मऊ, बाहेर टणक कवच. रंग दिला की वर्षभरात फुगे. आम्ही दर दोन वर्षांनी रंगवाल्याला शिव्या देत होतो.

आमचा वाडा काही सरदारांचा नव्हे. अठरा खण, एक चौक. (दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण, जुनी माणसं घर चौरस फुटांत मोजत नसत.) काळ्या दगडाचं जोतं, त्यावर दोन हात रुंद पांढऱ्या मातीच्या भिंती. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढर. घर बांधायची माती पांढरीतलीच. मूळची नळीची कौलं आजोबांनी उतरवली आणि मंगळुरी चढवली. बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला १८६५ मध्ये ज्या कौलांचा कारखाना काढला, तीच ही जात. आणि वाटण्यांमुळे झालेली गंमत अशी की ओटी काकांची, तिच्यावरची माडी आमची. त्यामुळे एक तुळई बदलायची तर खालून त्यांची परवानगी आणि वरून आमची.

खांब मात्र मी पहिल्यांदाच नीट पाहिले. एकही जमिनीत पुरलेला नाही. प्रत्येकाखाली दगडी तळखडा आहे, लाकडाला ओल लागू नये म्हणून. चौकातल्या एका खांबाचा बुंधा कुजला होता. सुताराने तुळईखाली जॅक लावला, दीड हात कुजका भाग कापला, तेवढाच सागाचा जोड खाचेत बसवला आणि संध्याकाळी तुळई पुन्हा खांबावर टेकवली. भिंतीचंही तेच. ढासळलेली माती चाळली, भिजवली, भुसा घालून तुडवली आणि त्याच भिंतीत परत भरली. सिमेंटचे तुकडे तेवढे ट्रॉलीत भरून टाकायला न्यावे लागले.

वरून चुन्याचा गिलावा. कळीचा चुना खड्ड्यात पाण्यात सोडला तेव्हा तो असा खदखदला की शेजारची पोरं बघायला जमली. किल्ल्यांवर बैलाने फिरवायच्या चुन्याच्या घाण्या दिसतात, तशी घाणी आता कुठून आणणार? मिक्सरवर भागवलं. वाळू, विटांची सुरखी, गुळाचं पाणी, बेलफळाचा गर. गुळाने आधी अर्ध्या आळीच्या मुंग्या आणल्या. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत हळूहळू दगडासारखा होतो, त्याला महिने लागतात. तोवर गोणपाटं भिजवत बसा. घाई असलेल्याने या फंदात पडू नये.

इथवर आमच्यात एकमत होतं. भांडण झालं ते माजघरावरून. आर्किटेक्टचं म्हणणं, मूळ रचनेला हात लावायचा नाही. ब्याऐंशी वर्षांची आत्या म्हणाली, "माजघराला खिडकी पाडा, नाहीतर माझ्या वाटणीचे पैसे मी देत नाही."

तिला पटवण्यासाठी आर्किटेक्टने आम्हाला जवळच मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात नेलं. चौकामागून चौक, भिंतींवरची चित्रं. आत्याने सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "चूल कुठं होती इथं?" तो चित्रांबद्दलच बोलत राहिला. परतताना ती गाडीत मला म्हणाली, "नानांची नऊ लग्नं झाली. त्या नऊजणी धुरात बसल्या असतील, त्याचं चित्र नाही कुठं."

आमच्या माजघरात भरदुपारी देवळीत दिवा लावावा लागे. शेजारच्या स्वयंपाकघरातला सगळा धूर तिथे येऊन कोंडायचा. आजीचे डोळे त्यात गेले. आता यातली गोम ऐका. सुताराने वरचे वासे तपासले, तर चुलीवरचे काजळीने माखलेले वासे ठणठणीत आणि माडीवरचे, ज्यांना धूर कधी लागला नाही, ते भुंग्याने पोखरलेले. "धूर हाय तवर लाकडाला कीड न्हाई," तो म्हणाला. गॅस आल्यावर बाकीच्यांनाही कीड लागायला सुरुवात झाली होती. म्हणजे घराची लाकडं टिकत होती ती आजीच्या डोळ्यांवर. हे कळल्यावर मूळ रचना वगैरे शब्द माझ्याने उच्चारवेनात.

दोन हात रुंदीची खिडकी पाडली. वर सागाची लगी टाकली, भिंतीतून निघालेली माती खालच्या अंगाला वापरली. आर्किटेक्टने आराखड्यात तिच्यासमोर 'नंतरची भर' असं बारीक अक्षरात लिहिलं; लिहू दे. वाशांना औषध मारलं. काजळी तशीच ठेवली.

पहिल्या दिवशी सकाळी ऊन थेट समोरच्या फडताळापर्यंत आलं. आत्याला खुर्ची टाकून तिथे बसवलं. तिने चष्मा पुसला, कोपऱ्यांतून नजर फिरवली आणि सुनेला हाक मारली. "अगं, जळमटं बघ किती ती. केरसुणी आण."