बीन बॅग घ्या, पण फोमची!

मंडळी, १९६८ साली गाट्टी, पाओलिनी आणि तेओदोरो या तीन इटालियन डिझायनर्सनी 'साक्को' काढली, तिच्यात थर्माकोलचे दाणे होते. आपल्याकडच्या बहुतेक बीन बॅगा अजून तशाच. दाण्यांतली हवा दबत जाते आणि हळूहळू आपण जवळजवळ फरशीवर! रिफिल करायला जावं, तर दाणे घरभर. फोमचे तुकडे मात्र दाबले तरी परत फुगतात, कंबरेला आधार राहतो. जड असते, उन्हाळ्यात तापते, मान्य.

फक्त एक पथ्य पाळा. तिच्यात लॅपटॉप घेऊन बसू नका. मान वाकते, पाठीचं धनुष्य होतं, ते सोडाच. घरूनच काम करणाऱ्याला 'ऑफिस सुटलं' असं सांगणारी तेवढी एकच जागा उरते. तीही कंपनीला कशाला द्यायची? बघा, पटतंय का :)