काळा घोडा : उंबरठ्यावरचा संकोच

मुंबईतील काळा घोडा परिसर म्हटला की उंची उपाहारगृहे आणि महागड्या वस्त्रांची दालने आठवतात. ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून मध्यमवर्गीय कुटुंब बाहेरूनच परतते. हा संकोच अनाठायी आहे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ मध्ये उभ्या राहिलेल्या जहांगीर कलादालनात प्रवेश विनामूल्य आहे. शेजारीच, १९२२ मध्ये जनतेस खुले झालेल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दुर्मीळ लघुचित्रे व शिल्पे आहेत; त्याच्या उभारणीत नागरिकांच्या देणग्यांचाही वाटा होता. भोजन आणि खरेदी ज्याने त्याने ऐपतीनुसार करावी. परंतु मुलांना घेऊन प्रथम या दोन वास्तूंची पायरी चढावी. समाजाने समाजासाठी जपलेल्या या ठेवीवर प्रत्येकाचा हक्क आहे. तो संकोचापायी सोडू नये.