बोक्याचे इन्शुलिन आणि फिरती ड्युटी

सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात सकाळी नाश्त्याची गाडी यायच्या आधी इन्शुलिनचा ट्रे फिरतो. नाइट ड्युटीची सिस्टर एकेका खाटेपाशी थांबते, केसपेपर पाहते, सिरिंज भरते आणि पुढे सरकते. पंधरा-वीस रुग्ण असले तरी वेळ सहसा चुकत नाही. अशाच एखाद्या सिस्टरच्या घरी नऊ-दहा वर्षांचा बोका असतो. गेले दोन महिने तो पाण्याचे भांडे सारखे रिकामे करतो आहे, वाळूचा ट्रे दिवसातून तीनदा बदलावा लागतो आहे, खाणे वाढूनही पाठीचा कणा हाताला लागू लागला आहे. खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारणे त्याने सोडले आहे आणि मागचे पाय घोट्यापर्यंत जमिनीला टेकवत तो चालतो. पशुवैद्य रक्त आणि लघवी तपासतात आणि मधुमेहाचे निदान करतात. चिठ्ठीवर लिहिलेले असते : इन्शुलिन एक युनिट, दर बारा तासांनी.

हजारो इंजेक्शने दिलेली ही बाई ‘दर बारा तासांनी’ एवढे वाचून खचते. सुईची भीती तिला नाही. पण या आठवड्यात तिची सकाळची पाळी आहे, पुढच्या आठवड्यात दुपारची आणि त्यानंतर रात्रीची.

मांजराचा मधुमेह हा बहुतेक वेळा माणसाच्या टाइप-२ मधुमेहाचा सख्खा भाऊ असतो. वाढलेले वजन, घरातच बसून राहणे, उतारवय, नसबंदी झालेला बोका, कधी दुसऱ्या आजारासाठी दिलेली स्टेरॉइड्स ही कारणेही ओळखीचीच आहेत. माणसाच्या स्वादुपिंडातील इन्शुलिन करणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांत अमायलॉइड नावाचे प्रथिन साचते, तसेच ते मांजरातही साचते. फरक आहे तो आहारात. मांजर पक्के मांसाहारी आहे. पिष्टमय पदार्थ हाताळण्याची त्याच्या यकृताची तयारीच कमी असते. त्यामुळे दूध-भात, दूध-पोळी आणि दिवसभर वाडग्यात पडून असलेले कोरडे खाद्य त्याला सोसत नाही. औषधांतही फरक आहे. माणसाला चालणाऱ्या मधुमेहाच्या बऱ्याच गोळ्यांचा मांजराला फारसा उपयोग होत नाही आणि उपचार मुख्यतः इन्शुलिनवर येऊन थांबतो.

इन्शुलिन आणि घड्याळ यांचे भांडण तसे जुनेच आहे. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हे द्रव्य मिळवले आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते टोचले गेले. (प्राण्यांचे हे देणे आपण क्वचितच आठवतो.) पण ते इन्शुलिन काही तासांतच संपे, दिवसातून अनेकदा टोचावे लागे. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांनी प्रोटामिन मिसळून त्याचा परिणाम लांबवला. पुढे ग्लार्जिनसारखी इन्शुलिने आली. माणसात ग्लार्जिन बहुधा दिवसातून एकदा पुरते. मांजराच्या शरीरात ते लवकर ओसरते, म्हणून दोनदा द्यावे लागते. बारा तासांचा आग्रह त्यातून आला आहे. तो योग्यच आहे, पण बारा तास म्हणजे बारा तास शून्य मिनिटे असे मात्र नव्हे. तासाभराची मागेपुढे ओढाताण मांजर बहुधा सहन करते.

फिरत्या पाळीचे गणित कागदावर मांडून पाहावे. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा या वेळा धरल्या, तर सकाळच्या पाळीत दोन्ही डोस जमतात, दुपारच्या पाळीत संध्याकाळचा हुकतो आणि रात्रीच्या पाळीत सकाळचा. साडेदहा-साडेदहा धरले, तर दुपारची पाळी सुटते आणि उरलेल्या दोन अडतात. तिन्ही पाळ्यांत बसेल अशी एकही वेळ नाही. पाळीबरोबर इन्शुलिनची वेळ दर आठवड्याला सरकवणे हा सर्वांत वाईट मार्ग, कारण मग एक डोस आठ तासांनी पडतो आणि पुढचा सोळा तासांनी. आठ तासांनी दिलेला डोस आधीच्या डोसावर चढतो आणि साखर घसरते.

यासाठी एकच नियम घरातल्या प्रत्येकाने पाठ करावा. ठरल्या वेळेनंतर तासा-दोन तासांत आठवण झाली, तर डोस द्यावा. त्याहून उशीर झाला, तर तो सोडून द्यावा आणि पुढचा नेहमीच्या वेळी नेहमीएवढाच द्यावा. हुकलेल्याची भरपाई म्हणून दुप्पट कधीही देऊ नये. दिला की नाही अशी शंका आली, तरीही देऊ नये. एक डोस हुकल्याने बोका अर्धा दिवस जास्त पाणी पिईल. एक डोस दोनदा पडला, तर तो लडखडेल, निपचित पडेल, त्याला झटके येतील, जीवही जाऊ शकतो. डोस सलग काही दिवस हुकणे मात्र तितकेच धोक्याचे. मग शरीरात कीटोन साचतात, मांजर खाणे सोडते, उलट्या करते आणि त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे लागते. मांजर खातच नसेल, तर नेहमीचा डोस टोचण्याआधी पशुवैद्याला फोन करावा. साखर उतरल्याची लक्षणे दिसली, तर मध किंवा साखरेचा पाक हिरड्यांना चोळावा आणि दवाखाना गाठावा. झटका चालू असताना तोंडात काही ओतू नये.

दुहेरी डोस बहुतेक वेळा निष्काळजीपणाने पडत नाही, प्रेमाने पडतो. सिस्टर रात्रपाळीला निघताना इंजेक्शन देऊन जाते, कामावरून आलेला नवरा ‘बिचारा राहिलाच’ म्हणून पुन्हा देतो. फ्रिजच्या दारावर लावलेला साधा तक्ता आणि त्यावर ‘खूण नाही तर डोस नाही, खूण आहे तर हात लावायचा नाही’ हा करार एवढ्याने ते टळते. दुसरा धोका सिरिंजचा आहे. आपल्याकडे लाल टोपणाची ४० युनिटची आणि नारिंगी टोपणाची १०० युनिटची अशा दोन सिरिंज मिळतात. सरकारी दवाखान्यातल्या बऱ्याच कुप्या ४० च्या असतात, ग्लार्जिन १०० चे असते. १०० चे इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ‘एक’ खुणेपर्यंत भरले, तर प्रत्यक्षात अडीच युनिट जाते. सत्तर किलोच्या माणसात दीड युनिट जास्त गेले तर सहसा काही बिघडत नाही. चार किलोच्या मांजरात ते प्राणावर बेतू शकते.

लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या अभ्यासकांनी मधुमेही मांजरांच्या मालकांना विचारले होते की, आयुष्यात सर्वांत जास्त अडचण कशाची वाटते? वरच्या क्रमांकाला आली ती मांजराला कुणाकडे ठेवून बाहेर जाण्याची अडचण. काळजी, खर्च, नोकरी हेही त्या यादीत होते. पाश्चात्त्य देशांत निदान झाल्या झाल्याच दयामरण मागणारे मालक असतात. आपल्याकडे तसे उघडपणे कुणी मागत नाही. आपल्याकडे मांजर मासळी बाजाराजवळ सोडले जाते, किंवा ‘जमेल तेव्हा’ इंजेक्शन दिले जाते.

या ‘जमेल तेव्हा’ला फक्त मालकाला दोषी धरणे अन्यायाचे आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्याने एक प्रश्न विचारलेलाच नसतो : “सिस्टर, तुमची ड्युटी कोणती?” तो विचारला असता, तर पहिल्याच दिवशी वेगळी मांडणी झाली असती. डोसाच्या वेळा मांजराच्या सोयीच्या आणि कायम ठेवायच्या आणि जो डोस पाळीत अडकतो त्यासाठी दुसरा माणूस तयार करायचा. खालच्या मजल्यावरच्या काकू स्वतः इन्शुलिन घेत असतील, तर त्यांच्याइतका सरावलेला हात आणखी कुणाचा? असा माणूस मिळालाच नाही, तर पशुवैद्याच्या सल्ल्याने दिवसातून एकदाच, पण रोज ठरल्या वेळी देण्याचा पर्याय उरतो. त्याने साखर तेवढी चांगली राहत नाही. पण उपचार सोडण्यापेक्षा किंवा मनात येईल तेव्हा टोचण्यापेक्षा तो नक्कीच बरा. हे मालकाने लाजत कबूल करण्याऐवजी पशुवैद्याने आधीच सांगायला हवे.

माणसांच्या ओपीडीतही हीच चूक रोज होते. एसटीचा चालक, रात्रपाळीचा वॉचमन, बंदोबस्तावरचा पोलीस, सगळ्यांच्या कागदावर तेच ‘सकाळी जेवणाआधी, रात्री जेवणाआधी’. त्याचे जेवण केव्हा असते, हे कुणी विचारत नाही. मिश्र इन्शुलिन टोचून घेतले आणि जेवण दोन तास लांबले, तर चालत्या गाडीच्या स्टिअरिंगवर साखर उतरते. हा अनुभव एकदा आला की तो रुग्ण इन्शुलिनच टाळू लागतो आणि पुढच्या भेटीत ‘औषध नियमित घेत नाही’ असा शेरा कमावतो. ओपीडीत एका रुग्णाला दोन-तीन मिनिटे मिळतात हे खरे आहे. पण ड्युटी विचारायला दहा सेकंद लागतात.

अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि ऑगस्ट २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन ही मांजरांसाठीची तोंडाने द्यायची औषधे मंजूर झाली. दिवसातून एकदाच देता येत असल्याने पाळीच्या नोकरीवाल्यांना ती वरदान वाटतील. पण आधी इन्शुलिन घेतलेल्या मांजरांसाठी ती नाहीत आणि साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोन साचण्याचा धोका त्यांत असतो. ओळखीच्या केमिस्टकडून माणसांच्या याच गटातल्या गोळ्या आणून तुकडे करून देण्याचा प्रयोग कुणी करू नये.

उपचार वेळेत सुरू झाला आणि दूध-भात व कोरडे खाद्य थांबवून मांस-मासळीवर भर दिला, तर काही मांजरांची इन्शुलिनची गरज काही महिन्यांत पूर्णपणे सुटते. नेमके तेव्हाच साखर घसरण्याची शक्यता जास्त असते, कारण गरज कमी झालेली असते आणि डोस तोच चालू असतो. पाणी पिणे आणि ट्रेमधले गोळे कमी झाले की आनंद मानावा, पण त्याच आठवड्यात पशुवैद्याकडून कानाच्या कडेतून साखर तपासून घ्यावी. कमी झालेला नवा डोस फ्रिजवरच्या तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा आणि खालच्या काकूंनाही सांगावा.