आधी टाळी, मग कार्ड

संगीताच्या तासाला काही शाळांमधून आता लयीची कार्डं दिसू लागली आहेत. एक उभी रेघ म्हणजे ‘ता’, माथ्याशी जोडलेल्या दोन रेघा म्हणजे ‘ती-ती’. बाई चार कार्डं फळ्यावर लावतात, मुलं ती वाचत टाळ्या वाजवतात. उपक्रम चांगलाच आहे. पण कार्ड आधी दाखवलं आणि लय मागाहून शिकवली, तर मुलं चिन्हं ओळखायला शिकतात, लयीत राहायला नाही.

ही पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या हंगेरीच्या झोल्तान कोदाय (१८८२-१९६७) यांच्या विचारात क्रम स्पष्ट आहे. मूल आधी गातं, चालतं, टाळी देतं. अंगात मुरलेल्या लयीला चिन्ह मिळतं ते नंतर. कोदाय यांच्या जन्मगावी, केच्केमेत इथे, १९५० मध्ये गाण्याला मध्यवर्ती स्थान देणारी प्राथमिक शाळा सुरू झाली. ‘ता, ती-ती’ हे बोल एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच संगीतशिक्षकांकडून आलेले, हाताच्या खुणा इंग्लंडच्या जॉन कर्वेन यांच्याकडून. गाणी मात्र हंगेरीच्या मुलांच्या तोंडची. युनेस्कोने २०१६ मध्ये या कामाची दखल घेतली तीही लोकसंगीताच्या जतनाचा उत्तम नमुना म्हणून.

मराठी शाळांनी उचलावं ते हेच. पद्धत बाहेरून घ्यायला हरकत नाही, कार्डावरचा मजकूर मात्र इथला हवा.

केहरवाच घ्या. आठ मात्रा, चार-चारचे दोन भाग: धा गे न ती, न क धि न. पहिल्या मात्रेला टाळी, पाचवीला हात उघडा, म्हणजे खाली. आता आठ कार्डं करा. ज्या बोलात डग्ग्याचा घुमारा आहे त्याचं वर्तुळ रंगवा, बाकीची कोरी ठेवा. पहिलं, दुसरं आणि सातवं, एवढीच भरतात. घुमारा तिसऱ्या मात्रेला थांबतो आणि थेट सातवीला परततो, हे मुलांना एका नजरेत दिसतं. अर्थात, तोवर हा ठेका त्यांनी तोंडाने म्हटलेला आणि हाताने दिलेला असला पाहिजे. नाहीतर ती नुसती रंगीत वर्तुळं.

दुसरा मुद्दा मांडणीचा. फळ्यावर कार्डं ओळीत लागतात, ओळ संपते आणि मुलं थांबतात. ताल असा थांबत नाही, आवर्तन पुरं करून तो समेवर येतो. म्हणून कार्डं जमिनीवर गोल मांडावीत आणि मुलांनी बोल म्हणत, एका मात्रेला एक पाऊल टाकत त्यांच्याभोवती फिरावं. भोंडल्याला पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरणाऱ्या मुलींना हे वेगळं समजावावं लागणार नाही. रूपकाच्या सात कार्डांत तर समेवरच खाली येते. टाळीऐवजी उघड्या हाताने सुरुवात करायला मुलांना फार मजा वाटते.

तबला मुखाने शिकायचा, त्यात चित्रं कशाला, अशी शंका जाणकार घेतात. ती अनाठायी नाही. पढंत सोडून कार्डांवर विसंबणं घातकच. पण पं. भातखंडे यांनी बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या, तालाच्या खुणांसह छापल्या. त्याने गुरुमुखी विद्या आटली नाही. शिवाय पन्नास-साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाचा हात धरून ताल शिकवणं एका शिक्षकाला शक्य नसतं. मागच्या बाकावर चुकणाऱ्या मुलाला आपण कुठे आहोत हे कार्ड दाखवतं.

खर्चाची अडचण तर मुळीच नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू आणि दोन स्केचपेनं पुरतात. खरी उणीव आहे ती शिक्षकांच्या तयारीची. वर्गावर येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला संगीत येत असेलच असं नाही, पण दादरा आणि केहरवा हातावर देणं थोड्या सरावाने कुणालाही जमतं. डी.एल.एड.च्या प्रशिक्षणात तेवढा सराव सक्तीचा करावा, आणि बालभारतीने पहिली-दुसरीसाठी तालांच्या कार्डांचा एक संच काढावा, ठेका कसा म्हणायचा याच्या ध्वनिफितीसह.